स्पोर्ट्स कारच्या बंपरला भोक न पाडता पुढची नंबरप्लेट कशी बसवावी

पुण्या-मुंबईहून सोलापुरात सेकंडहँड आणलेल्या बऱ्याच स्पोर्ट्स कारच्या पुढच्या बंपरवर प्लेटच नसते. आधीच्या मालकाने नंबरचे रेडियम थेट बंपरवर चिकटवलेले असते आणि तेवढ्यावर गाडी चाललेली असते. आता ते चालत नाही. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची आहे, आणि त्याआधी नोंदणी झालेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती बसवावी लागते. ही प्लेट अॅल्युमिनियमची, 1 मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, निळ्या रंगात आयएनडी ही अक्षरे आणि लेसरने कोरलेला क्रमांक असतो. बंपरच्या गोलाईवर ती बसत नाही आणि बसावी म्हणून वाकवायचीही नसते. मग फिटिंग सेंटरवरचा मुलगा ड्रिल मशीन घेऊन येतो आणि म्हणतो, “मालक, दोनच होल मारतो. प्लेटच्या मागं जातंय सगळं, दिसत बी नाही.”

त्याला थांबवा. बाहेरून जो बंपर दिसतो तो जेमतेम 3 मिलिमीटरच्या आसपासचा प्लास्टिकचा पडदा आहे. त्याच्या मागे फोम, धडक झेलणारा आडवा बीम, सेन्सरच्या वायरी आणि अनेक गाड्यांत खालच्या जाळीलगतच एसीचा कंडेन्सर किंवा टर्बोचा इंटरकूलर असतो. ड्रिलचे टोक एकदा प्लास्टिकच्या पार गेले की पुढे कुठे थांबेल ते हाताला कळत नाही. शिवाय भोकाच्या कडेने रंगाला बारीक तडे जातात, आणि बंपर पुन्हा रंगवताना मूळ रंगाशी छटा जुळवणे हे मोठेच काम होऊन बसते. हे सगळे टाळता येते. अट एकच, फिटिंगच्या तारखेआधी प्लेट धरणारा सांगाडा तुमचा तयार पाहिजे.

आधी गाडी नीट बघा

खरेदी करण्याआधी एक सकाळ गाडीसमोर बसून काढा. पुढच्या बंपरवर एका बाजूला लहानसे चौकोनी किंवा गोल झाकण असते. ते टो हुकचे, म्हणजे बंद गाडी ओढायच्या हुकचे झाकण. एका कडेला अंगठ्याने दाबले की दुसरी कड वर येते. डिकीत जॅक-पान्ह्याच्या जागेत टो हुक ठेवलेला असतो, तो काढून त्या भोकात फिरवून बघा. फोक्सवॅगन, ऑडी, पोर्शे यांच्या बऱ्याच गाड्यांत इथे उलटे आटे असतात, म्हणजे घट्ट करायला डावीकडे पिळावे लागते. हे माहीत नसले की जोर लावून आटे खराब होतात. किती वेढ्यांत हुक बसतो ते मोजून लिहून ठेवा.

मग खालच्या जाळीकडे वळा. जाळी धातूची आहे की प्लास्टिकची? बोटाने दाबल्यावर आत जाते का? तिच्या मागे मोकळी जागा किती? बंपरवर नाण्याएवढ्या गोल चकत्या दिसल्या तर ते पार्किंग सेन्सर. जाळीच्या मध्यभागी काळी गुळगुळीत चौकोनी पट्टी दिसली तर तिच्यामागे बहुधा रडार असते. अॅल्युमिनियमची प्लेट रडारसमोर आली तर ते आंधळे होते, तेव्हा ती जागा पूर्ण वर्ज्य.

आता जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि 500 बाय 120 मिलिमीटरचा तुकडा कापा. मोटारीच्या लांबट प्लेटचे माप हेच आहे. चौकोनी प्लेट 340 बाय 200 ची असते, पण स्पोर्ट्स कारच्या पुढच्या बाजूला ती शोभत नाही आणि बसतही नाही. पुठ्ठा मास्किंग टेपने बंपरवर लावा, दहा पावले मागे जा आणि बघा. सरळ दिसतो का? हेडलाइट, फॉग लॅम्प झाकले जातात का? पुठ्ठ्याची खालची कड बंपरच्या ओठाखाली तर उतरत नाही ना? सोलापुरात गल्लीबोळांतले गतिरोधक आणि अपार्टमेंटचे रॅम्प या गाड्यांना आधीच जड जातात. प्लेट हा गाडीचा सर्वांत खालचा भाग झाली तर पहिल्याच आठवड्यात तिचा कोपरा दुमडेल.

हवेचाही विचार इथेच करा. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर असतो आणि अशा दुपारी विजापूर रोडला एसी लावून निघालात की रेडिएटरला मिळेल तेवढी हवा कमीच. जाळी मोठी असेल तर 120 मिलिमीटरची पट्टी झाकल्याने बिघडत नाही. जाळी बारीक असेल तर प्लेट एका बाजूला किंवा जाळीच्या वरच्या सपाट भागावर घ्या.

टो हुकचा आधार, माझी पहिली पसंती

टो हुकच्या आट्यांत बसणारा दांडा आणि त्याला जोडलेली आडवी पट्टी असा सांगाडा ऑनलाइन मिळतो. अख्खी गाडी ओढण्यासाठी बनवलेला हा बिंदू आहे, प्लेटचे वजन त्याला काहीच नाही. पण विकत घेताना माप बघा. बाजारातले बरेचसे सांगाडे अमेरिकन प्लेटसाठी असतात. ती प्लेट 12 बाय 6 इंचांची, आपल्यापेक्षा आखूड आणि उंच. युरोपातली प्लेट 520 बाय 110, म्हणजे आपल्या प्लेटहून थोडी लांब आणि 10 मिलिमीटरने कमी उंच. कंपनीची मूळ युरोपीय फ्रेम मिळाली तरी आपली प्लेट तिच्या खोबणीत बसत नाही, वरखाली डोकावते. म्हणून फ्रेमच्या नादी न लागता मध्ये आपल्या मापाची पाठपट्टी घालावी.

पाठपट्टी म्हणजे 500 बाय 120 चा ताठ तुकडा. रेडियमच्या दुकानात किंवा बोर्ड बनवणाऱ्यांकडे एसीपीची (दोन पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली) शीट असते, तिचा 3 किंवा 4 मिलिमीटरचा काळा तुकडा कापून घ्या. कोपरे गोल करायला सांगा. प्लेट साधारण 160 ग्रॅमची भरते, पाठपट्टी धरली तरी सगळे मिळून अर्ध्या किलोच्या आत राहते.

तुमच्या गाडीच्या आट्यांचा दांडा कुठेच मिळत नसेल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे एखाद्या लेथवाल्याला गाठा. मूळ टो हुक नमुना म्हणून सोबत न्या, आट्यांचे माप तोंडी सांगू नका. दांडा स्टेनलेस स्टीलचा करून घ्या.

जोडणीतली खरी मेख बोल्टच्या डोक्यात आहे. पाठपट्टी सांगाड्याला जोडणारे बोल्ट पुढून घालायचे आणि त्यांची डोकी पाठपट्टीत पूर्ण बुडालेली पाहिजेत, म्हणजे काउंटरसिंक बोल्ट वापरायचे. डोके अर्धा मिलिमीटर जरी वर राहिले तरी वरची पातळ प्लेट तिथे फुगते. नट मागून येतो, तो नायलॉक घ्या. आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे तो थरथरीने सैल होत नाही. नट आणि सांगाड्याच्या मध्ये रबरी वॉशर घाला.

दांडा आधी नोंदवलेल्या वेढ्यांइतका आत गेला पाहिजे. वाटल्यास आट्यांना निळ्या रंगाचे थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब लावा. लाल लावू नका, ते सहसा तापवल्याशिवाय सुटत नाही, आणि रात्री मोहोळजवळ गाडी बंद पडून क्रेनवाला आला की हाच दांडा काढून तिथे हुक लावायचा असतो.

आता एक अडचण. टो हुक गाडीच्या एका कडेला असतो आणि आपली प्लेट अर्ध्या मीटरची. 100 च्या वेगाला समोरचा वारा तिच्यावर साधारण अडीच-तीन किलोचा दाब देतो. आधार एकाच ठिकाणी असेल तर लांबचे टोक फडफडते आणि दांडा हळूहळू फिरू लागतो. म्हणून त्या टोकाच्या मागे, बंपरला टेकेल असा रबराचा ठोकळा पाठपट्टीवर चिकटवा. जाळी जवळ असेल तर त्या टोकाला एक छोटा क्लॅम्प त्याहून चांगला. भार लोखंडाने घ्यावा, टेप आणि रबर फक्त थरथर थांबवायला, हे मी प्रत्येकाला सांगतो.

जाळीला क्लॅम्प

टो हुकचा मार्ग बंद असेल तर जाळी. पुढे पाठपट्टी, मागे 3 मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये जाळी, आणि आरपार बोल्ट. जाळीला लागणाऱ्या प्रत्येक बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावा. हाताने आवळा, मग पान्ह्याने थोडेसेच पिळा, कारण प्लास्टिकची मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी जास्त आवळली की तडकते. मागचा बोल्ट लांब राहिला तर कापून टाका, तो कंडेन्सरपासून निदान दोन बोटे दूर हवा. केबल टायवर कायमची प्लेट टांगू नका. साधा नायलॉनचा टाय आपल्या उन्हात ठिसूळ होतो आणि एक दिवस प्लेट हायवेवर राहते.

फक्त टेपवर बसवायची असेल तर

बंपरवर हाताच्या पंजाहून मोठा, रंगवलेला आणि सपाट भाग असेल तरच याचा विचार करा. न रंगवलेल्या खरबरीत काळ्या प्लास्टिकवर टेप धरत नाही. सिरॅमिक कोटिंगवरही पकड कमी मिळते. पीपीएफ, म्हणजे रंग वाचवायला लावलेली पारदर्शक फिल्म, असेल तर टेप त्या फिल्मला धरते, आणि फिल्म सुटली की प्लेटही जाते.

टेप थ्रीएम कंपनीची व्हीएचबी जातीची, म्हणजे खूप घट्ट धरणारी दुहेरी टेप, घ्या. स्टेशनरीच्या दुकानातली फोमची डबल टेप भिंतीवर कॅलेंडर लावण्यापुरती ठीक असते. कंपनीचा ठोकताळा असा की एका किलोला साधारण 57 चौरस सेंटिमीटर टेप लागते. आपल्या अर्ध्या किलोला त्या हिशेबाने 30 सुद्धा पुरतील, पण वारा, धक्के आणि ऊन धरून मी 25 मिलिमीटर रुंदीच्या दोन पूर्ण लांबीच्या पट्ट्या लावतो. ते 250 चौरस सेंटिमीटर होतात. बंपरला जरा गोलाई असेल तर टेपचा एक थर सगळीकडे टेकत नाही, अशा वेळी पाठपट्टी गोलाईप्रमाणे वळवून न घेता मधल्या फटीत जाड रबर भरा आणि टेप जिथे पूर्ण टेकते तिथेच लावा.

वेळ निवडणे महत्त्वाचे. चिकटवताना बंपरचे तापमान 21 ते 38 अंशांच्या मध्ये असावे. मे महिन्यात दुपारी बाहेर उभ्या गाडीचा बंपर हात ठेववत नाही इतका तापलेला असतो, तेव्हा गाडी रात्रभर सावलीत ठेवून भल्या सकाळी काम करा. आधी शॅम्पूने धुवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन जागा पुसा. पेट्रोल किंवा थिनर रंगाजवळ आणू नका. पुसायला मायक्रोफायबरचे फडके घ्या. आपला सोलापुरी टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण नवा असला की बारीक तंतू सोडतो आणि एक तंतूही टेपखाली राहता कामा नये.

मास्किंग टेपने वरच्या कडेची रेघ आखून घ्या, लेव्हल लावून तपासा. मग टेपचा कागद काढा, पाठपट्टी रेघेला टेकवून एकदाच बसवा आणि तळहाताच्या टाचेने मधून कडांकडे जोर लावत जा. व्हीएचबी वीस मिनिटांत निम्मी पकड घेते, 24 तासांत सुमारे 90 टक्के, आणि पूर्ण ताकद यायला 72 तास लागतात. तेवढे तीन दिवस गाडी धुवायची नाही आणि नंतरही वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा पट्टीच्या कडेत मारू द्यायचा नाही.

मॅग्नेट आणि सक्शन कप हे दोन पर्याय सोडून द्या. बंपर प्लास्टिकचा, त्याला मॅग्नेट लागत नाही. सक्शन उन्हात सुटते. बटण दाबून प्लेट आत वळवणारे जुगाडही मिळतात, ते बेकायदा आहेत.

फिटिंगच्या दिवशी

अधिकृत फिटिंग सेंटरवर जाताना पाठपट्टी सांगाड्यावरून काढून सोबत न्या, किंवा तिथे पोचल्यावर काढा. बोल्ट पाठपट्टीतच राहू द्या, कारण प्लेट वर बसल्यावर ते पुढून घालता येत नाहीत. प्लेट स्नॅप लॉकने बसते. हे लॉक एकदाच वापरता येते, काढायचे तर तोडावेच लागते. प्लेटवर तयार असलेल्या भोकांच्या जागा पाठपट्टीवर पेन्सिलने खुणा करून घ्या आणि ड्रिल तिथेच, टेबलावर, पाठपट्टीत चालवायला सांगा. मुलाला हे आधी शांतपणे समजावले तर तोही खूश होतो, त्याचे काम सोपेच होते. स्नॅप लॉक लावून झाले की पाठपट्टी पुन्हा सांगाड्यावर चढवा आणि मागून नट आवळा. टेपवाल्यांनीही हाच क्रम पाळायचा: प्लेट आधी पाठपट्टीवर लॉक करून घ्यायची आणि नंतर घरी जोडी बंपरवर चिकटवायची, कारण चिकटलेल्या पाठपट्टीत ड्रिल घातले तर ते सरळ बंपरमध्ये जाईल.

काचेवरचा स्टिकर विसरू नका, तो याच प्लेटसोबत मिळतो.

बसवल्यावर प्लेटच्या दोन्ही टोकांना धरून हलवून बघा. मग पुणे हायवेला थोडे अंतर 80 च्या वेगाने जाऊन या आणि नट पुन्हा तपासा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. कडक उन्हात एसी लावून एक चक्कर मारताना तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा, तो नेहमीपेक्षा वर गेला तर प्लेटची जागा बदलावी लागेल.

पुढे कधी टेपवरची पट्टी काढायची झाली तर ओढू नका, रंग निघून येतो. हेअर ड्रायरने कडा कोमट करा, मागे मासे पकडायची नायलॉनची दोरी घालून करवतीसारखी सरकवत न्या. बंपरवर राहिलेला फोम अंगठ्याने घोळून निघतो, आणि उरलेला चिकटपणा त्याच अल्कोहोलच्या पाण्याने जातो.