अकरा मारुतींच्या वाटेवर समर्थचरित्र कसे सांगावे

समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात, दोन सांगलीत आणि दोन कोल्हापुरात आहेत. बरोबर मुले आणि वडीलधारी मंडळी असतील, तर ही यात्रा दोन दिवसांची आखावी. समर्थांच्या शिष्या वेणाबाईंच्या अभंगात या अकरा मारुतींच्या गावांची नावे येतात, परंतु तो क्रम प्रवासाचा नव्हे. पहिल्या दिवशी शहापूर, मसूर, उंब्रज, चाफळ (येथे दोन मारुती आहेत), माजगाव व शिंगणवाडी करावे आणि बहे, शिराळा, मनपाडळे, पारगाव दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे.

चरित्र गाडीतच सांगून संपवू नये. जांब येथील १६०८ चा जन्म, 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून निघून गेलेला नारायण (हे समर्थांचे मूळ नाव), नाशिकजवळच्या टाकळीची बारा वर्षांची तपश्चर्या आणि त्यानंतरचे तीर्थाटन एवढा भाग शहापूरला पोहोचेपर्यंत पुरे होतो. तेथील चुन्याचा मारुती अकरांमधला पहिला मानतात, म्हणून कृष्णाकाठचे पर्व तेथेच उघडावे.

चाफळला मात्र घाई करू नये. रामाची मूर्ती अंगापूरच्या डोहातून मिळाली, ही कथा सांगताना 'अशी परंपरा आहे' हे शब्द गाळू नयेत. भाविक श्रोत्याला त्याने उणेपणा वाटत नाही, हा माझा अनुभव आहे. शिंगणवाडीला शिवाजी महाराजांच्या भेटीचा प्रश्न हमखास निघतो. संप्रदायाची परंपरा ही भेट १६४९ मध्ये झाल्याचे मानते, तर काही इतिहाससंशोधक ती १६७२ ची धरतात. दोन्ही मते शांतपणे मांडून पुढे जावे, कारण डोंगरावरच वाद पेटला तर उरलेले मारुती अंधारात पाहावे लागतात.

बहे हे कृष्णेच्या पात्रातील बेट असल्यामुळे पावसाळ्यात पाण्याची चौकशी करूनच निघावे. लंकेहून परतताना श्रीराम येथे संध्येला बसले, नदीला पूर आला आणि मारुतीने बाहू पसरून प्रवाह अडवला, म्हणून गावाचे नाव बहे पडले, ही आख्यायिका मूर्तीसमोर उभे राहूनच सांगावी. पसरलेले हात पाहिल्यावर निराळे वर्णन लागत नाही.

वेळ असल्यास मिरजेचा वेणाबाईंचा मठही जोडावा. त्या काळी एका विधवेला समर्थांनी उभे राहून कीर्तन करण्याची अनुज्ञा दिली, ही गोष्ट चमत्कारांच्या गर्दीत बहुधा घाईने उरकली जाते. माझ्या मते तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा. शके १६०३ (इ.स. १६८२) च्या माघ वद्य नवमीला समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. दासनवमीला गड चढणाऱ्यांनी समाधिदर्शन झाल्यावर तेथेच असलेल्या वेणाबाईंच्या समाधीपाशी थांबून, अकरा मारुतींचा तो अभंग एकदा मोठ्याने म्हणावा.