सोसायटीचा नियम कुठवर चालतो, हे कसे तपासावे

लिफ्टशेजारच्या फलकावर 'ठरावानुसार' असे लिहून डकवलेली प्रत्येक सूचना बंधनकारक नसते, म्हणून आधी सचिवांकडे लेखी अर्ज करून नोंदणीकृत उपविधींची (म्हणजे सोसायटीच्या नियमावलीची) आणि त्या ठरावाच्या इतिवृत्ताची प्रत मागावी. नव्या नियमाने उपविधी बदलत असतील, तर सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांची संमती आणि त्यानंतर सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे (सरकारी अधिकाऱ्याकडे) नोंदणी, या दोन्ही गोष्टी झाल्या आहेत का, ते पाहावे.

पैशांच्या बाबतीत महाराष्ट्रात मर्यादा स्पष्ट आहेत: सदनिका भाड्याने दिल्यास आकारले जाणारे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि महापालिका हद्दीत सदनिका दुसऱ्याच्या नावे होताना सोसायटी घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. ('ऐच्छिक देणगी' हे पुष्कळदा या अधिमूल्याचेच टोपणनाव असते, तेव्हा पावती नीट वाचावी.)

जिन्यातले चपलांचे कपाट हटवायला सांगणे रास्तच आहे, कारण आग लागली तर सुटकेची वाट तीच. मात्र उंबऱ्याच्या आत काय शिजते, याची चौकशी सोसायटीने करू नये, असे माझे मत आहे. व्यवस्थापक समितीने अर्जाला उत्तरच दिले नाही, तर त्याची पोच जोडून उपनिबंधकांकडे तक्रार करावी.