पीएसपीवर गाणी-व्हिडिओ टाकायला मीडिया गो लागतंच असं नाही

पीएसपी म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, आणि मीडिया गो म्हणजे त्यावर गाणी-व्हिडिओ टाकायचं सोनीचं कॉम्प्युटर सॉफ्टवेअर. सोनीने मीडिया गो कधीच बंद केलं, पण पीएसपी त्यामुळे अडत नाही. पीएसपी यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन यूएसबी कनेक्शन निवडा. मेमरी स्टिक (पीएसपीचं मेमरी कार्ड) कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखी उघडते. गाणी म्युझिक फोल्डरमध्ये, फोटो पिक्चरमध्ये, व्हिडिओ व्हिडिओमध्ये. फोल्डरची नावं इंग्रजी कॅपिटलमध्येच ठेवा. गाण्यांचे अल्बम करायचे तर म्युझिकच्या आत एकच पातळी पुरे, फोल्डरात फोल्डर घालत बसू नका.

खरी कटकट व्हिडिओची. फोनवरची फाइल सरळ टाकली की बहुतेक वेळा ‘अनसपोर्टेड डेटा’ येतं. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि एमपी४ फाइल बनवा: व्हिडिओ एच.२६४, प्रोफाइल मेन, आवाज एएसी, फ्रेमरेट जास्तीत जास्त ३०. पडदा ४८० बाय २७२ पिक्सेलचा आहे, त्यामुळे रुंदी ४८० ठेवली तरी चित्र छान दिसतं आणि जागाही वाचते. आधी दोन मिनिटांचा तुकडा करून चालवून बघा, मगच अख्खा सिनेमा लावा.

आणि हो, केबल जोडलेलीच आहे तर मेमरी स्टिकवरच्या ‘पीएसपी’ नावाच्या फोल्डरमधला सेव्हडेटा हा फोल्डर, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा. सिनेमा पुन्हा टाकता येतो, गेममधली प्रगती नाही. केबल काढण्याआधी कॉम्प्युटरवरून इजेक्ट करा आणि पीएसपीवर गोल बटण दाबून यूएसबी मोडमधून बाहेर या.