सायकल बाल्कनीत का जाऊन बसते? या चुका टाळा

नवी मुंबईत नेरूळच्या आमच्या सोसायटीत लॉकडाऊननंतर धडाधड सायकली आल्या. आता त्यातल्या दोन-तीनच रस्त्यावर दिसतात. बाकीच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये धूळ खातायत, एकीच्या हँडलवर तर चक्क पायपुसणी वाळतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वेळच मिळत नाही हो." मला ते पटत नाही. चालवताना काहीतरी दुखत असतं, रुतत असतं, करकरत असतं, म्हणून सायकल सुटते. माझीही सुटायच्या बेतात होती.

कारण होतं सीट. दुकानात दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले की आपल्याला बरं वाटतं आणि तीच उंची जन्मभर राहते. एका रविवारी आईने खिडकीतून पाहिलं आणि मी वर आल्याआल्या म्हणाली, "अरे, गुडघे हनुवटीला लागतायत तुझे. लहान मुलाची सायकल आणलीस का?" तोवर रोज संध्याकाळी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ यायची आणि मी वयाला दोष देत होतो.

माप सोपं आहे. भिंतीला धरून सीटवर बसा, एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात किंचित बाक उरतो, तेवढाच हवा. माझी सीट चांगली चार बोटं वर गेली. उलट गुडघ्याच्या मागे ताण येत असेल किंवा कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल, तर सीट जास्त वर गेलीय. सीटच्या दांड्यावर एक खूण कोरलेली असते, ती फ्रेमच्या नळीबाहेर दिसता कामा नये. सिग्नलला आता सीटवरून पुढे उतरून पाय टेकावा लागेल. दोन दिवस विचित्र वाटतं, मग लक्षातही राहत नाही.

बूड दुखतं म्हणून लगेच जेलचं गुबगुबीत कव्हर आणू नका. बसायची हाडं आठ-पंधरा दिवसांत सरावतात. त्या कव्हरने मांड्या घासतात, ते मात्र सरावत नाही.

दुसरी चूक हवेची. टायर अंगठ्याने दाबून "आहे की" म्हणायची आपली जुनी खोड. चांगल्या ट्यूबमधूनही हवा आपोआप उतरते, त्यामुळे पंधरा दिवस उभी असलेली सायकल जड चालणारच. हवा किती पीएसआय (दाबाचं माप) भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. जाड टायरला साधारण 30 ते 50, हायब्रिडच्या (रोड आणि माउंटन यांच्या मधल्या सायकलच्या) पातळ टायरला त्याहून बरीच जास्त. काटा असलेला पंप घरी ठेवा आणि आठवड्याला एकदा भरा. पेट्रोल पंपावर हवा भसकन शिरते, तिथे जपून. आणि व्हॉल्व्ह बारीक, वर स्क्रूचं टोपण असलेला असेल तर अडॅप्टरशिवाय तिथला पाइप लागतच नाही.

पंक्चर काढताना ट्यूब नीट बघा. शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर खिळा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपली गेली, एवढंच. भोक एकच असेल तर टायरच्या आतून हळूच बोट फिरवा. तारेचा बारीक तुकडा तिथेच अडकलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी पंक्चर होतं. पंक्चरवाल्याला शिव्या मात्र फुकट पडतात.

गिअरचं थोडक्यात. पुढची मोठी चकती आणि मागचीही मोठी, किंवा दोन्ही लहान, असं चालवलं की चैन तिरकी होऊन करकरते. सिग्नलला थांबण्याआधीच हलक्या गिअरवर या. जड गिअरवर दात-ओठ खात रेटण्यात मर्दुमकी नाही, गुडघ्यांचं नुकसान आहे.

आता रस्ता. नवीन सायकल आली की प्रत्येकाला पाम बीच रोड दिसतो. वाशी ते बेलापूर जवळपास 10 किलोमीटर, सपाट, सरळ. पण मधल्या लेनमधून गाड्या ज्या वेगाने जातात, ते पाहता पहिल्या महिन्यात तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सेक्टरांमधले आतले रस्ते आहेत, वाशीचं सागर विहार आहे. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत सीवूड्सच्या तळ्यांकडे सकाळी चक्कर मारली तर फ्लेमिंगोही दिसतात. मोबाइलवर सरासरी वेग बघत चालवणाऱ्याला ते दिसत नाहीत. मी तो आकडा दिसणं बंद केलं आणि फेऱ्या वाढल्या. बेलापूरच्या पारसिक हिल टेकडीचा चढ ब्रेकवर भरवसा बसल्यानंतर. उतरताना फक्त मागचा ब्रेक दाबला की चाक घसरतं. दोन्ही ब्रेक हळूहळू, एकत्र दाबायचे.

पहाटेच्या कुत्र्यांवरही एक शब्द. ती भुंकत मागे लागली की आपण जोरात पायडल मारतो आणि त्यांना तेच हवं असतं. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरून चालत पुढे जा. दहा पावलांत त्यांचा उत्साह मावळतो. आमच्या गल्लीतला तांबडा तर लगेच शेपूट हलवायला लागतो, मला वाटतं त्याला सायकलचाच राग आहे.

राहिला पावसाळा. खाडीच्या दमट, खारट हवेत भिजलेली चैन एका रात्रीत तांबूस होते. मग लोक त्यावर घरातलं खोबरेल ओततात. त्यात चिखल बसून काळी चटणी तयार होते आणि चैनीसकट चकत्यांचे दातही झिजतात. आधी सुक्या फडक्याने चैन पुसा. मग पायडल उलटं फिरवत प्रत्येक कडीवर चैन ऑइलचा एकेक थेंब टाका, पाच मिनिटं थांबा आणि वरवरचं तेल पुन्हा पुसून काढा. तेल कड्यांच्या आत हवं, बाहेर नाही. आणि हो, रिमला तेलाचा हात लागू देऊ नका. माझा एकदा लागला होता, सोसायटीच्या गेटवर ब्रेक लागलाच नाही आणि वॉचमनच्या खुर्चीने मला थांबवलं. खुर्ची रिकामी होती, म्हणून बरं.