गॅस रेंजची घरगुती दुरुस्ती : सुटे भाग बदलताना या चुका टाळा

वर चार-पाच बर्नर आणि खाली ओव्हन असलेली गॅस रेंज बाहेरून अवजड दिसते, पण तिचे आतले काम सरळ असते. नळीतून आलेला गॅस व्हॉल्व्ह मोजून सोडतो, जेटच्या बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडताना तो आपल्यासोबत हवा ओढून घेतो आणि हे मिश्रण बर्नरच्या तोंडाशी ठिणगीने पेटते. घरी केलेली दुरुस्ती फसते ती हातात कसब नसल्यामुळे क्वचितच; बिघाड एका जागी दिसतो आणि त्याचे मूळ दुसऱ्याच जागी असते, हे लक्षात न घेता समोर दिसेल तो भाग बदलल्यामुळे ती बहुधा फसते.

ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या ओव्हनचा इग्नायटर, म्हणजे ठिणगीऐवजी विजेने लाल तापून गॅस पेटवणारा भाग, लाल होत असे, पण बर्नर पेटत नसे. इग्नायटर तापतो म्हणजे तो चांगला आहे, तेव्हा दोष गॅस सोडणाऱ्या सुरक्षा व्हॉल्व्हचाच असणार, असे धरून मी नवा व्हॉल्व्ह आणून बसवला. ओव्हन होता तसाच थंड राहिला. पुढे तारांची जोडणी नीट पाहिल्यावर उलगडा झाला. तापणाऱ्या इग्नायटरच्या ओव्हनमध्ये इग्नायटर आणि व्हॉल्व्ह एकाच विद्युतमंडलात एकामागोमाग जोडलेले असतात. इग्नायटर तापला की त्याचा रोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि तो पुरेसा झाला की व्हॉल्व्हमधली द्विधातूची पट्टी वाकून गॅसची वाट मोकळी होते. वापराने थकलेला इग्नायटर लाल दिसतो खरा, पण तेवढा प्रवाह वाहू देत नाही. व्हॉल्व्हला लागणारा किमान प्रवाह बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच छापलेला असतो आणि तो साधारणतः ३ अँपिअरच्या आसपास असतो. ओव्हन न पेटण्याच्या तक्रारीत व्हॉल्व्ह निर्दोष आणि इग्नायटर थकलेला, असेच बहुधा आढळते.

हे ओळखण्यासाठी मापकयंत्र असलेच पाहिजे असे नाही, घड्याळ पुरते. ओव्हन सुरू करून वेळ मोजावी. चांगला इग्नायटर साधारण मिनिटभरात गॅस पेटवतो. दीड मिनिट उलटूनही ज्योत दिसत नसेल, किंवा पेटताना दर वेळी भपका उडत असेल, तर आधी इग्नायटरकडे संशयाने पाहावे. गॅसचा वास येऊ लागला, तर मात्र वाट न पाहता ओव्हन बंद करावा. नवा इग्नायटर बसवताना त्याच्या राखाडी भागाला बोट लावू नये. तो सिलिकॉन कार्बाइडचा असतो, खडूसारखा ठिसूळ असतो आणि बोटांचा तेलकटपणा त्यावर राहिला तर त्याचे आयुष्य घटते. तारा जोडण्यासाठी त्याच्यासोबत येणाऱ्या चिनी मातीच्या टोप्याच वापराव्यात. साधी चिकटपट्टी ओव्हनच्या उष्णतेत वितळते आणि उघडी तार पत्र्याला टेकते.

ज्योत नीट नसेल तेव्हा

वरच्या बर्नरच्या तक्रारींपैकी पुष्कळशा कोणताही भाग न बदलता मिटतात. धुतल्यानंतर बर्नरची झाकणी खाचेत नीट न बसल्याने एका बाजूची ज्योत उंच आणि दुसऱ्या बाजूची नाहीशी होते. त्यावर लोक जेट मागवतात, व्हॉल्व्हवर संशय घेतात आणि झाकणी मात्र तिरकीच राहते. ठिणगीचा टकटक आवाज थांबत नसेल, तर बहुधा उतू गेलेले किंवा पुसताना निथळलेले पाणी नॉबखालच्या स्विचमध्ये शिरलेले असते. अशा वेळी वीज तोडून, नॉब काढून तो भाग एक दिवस वाळू द्यावा. वाळल्यावरही टकटक राहिली, तरच स्विचचा संच बदलण्याचा विचार करावा. ठिणगी बर्नरवर न पडता मधेच कोठेतरी उडत असेल, तर इलेक्ट्रोडच्या पांढऱ्या आवरणाला केसाएवढी चीर गेलेली असते. खोलीत अंधार करून पाहिले की निळी ठिणगी नेमकी कोठून निसटते ते लख्ख दिसते.

जेट साफ करण्याची पद्धत हा वेगळाच विषय आहे. टाचणी, शिवणाची सुई किंवा पितळी तार जेटमध्ये घालून फिरवणे इतके रूढ आहे की त्यात काही चूक असेल असे कोणाला वाटतच नाही. जेट पितळेचे असते आणि पोलादी सुई पितळेपेक्षा कठीण असते. अनेक जेटवर कोरलेला आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो; म्हणजे ७० हा आकडा असेल तर छिद्र ०.७० मिलिमीटरचे. हे छिद्र घासून ०.७७ झाले, तर व्यास वाढला दहा टक्के, पण छिद्राचे क्षेत्रफळ आणि त्यातून जाणारा गॅस वाढला सुमारे एकवीस टक्के. हवा मात्र तेवढ्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून ज्योत लांब आणि पिवळी होते व भांड्यांच्या बुडाला काजळी धरते. जेट काढून गरम साबणाच्या पाण्यात भिजवावे, उलट्या बाजूने हवा फुंकावी आणि उजेडाकडे धरून छिद्र गोल दिसते का ते पाहावे. तरीही साफ झाले नाही, तर त्याच आकड्याचे नवे जेट घ्यावे. बर्नरची मोठी छिद्रे दात कोरायच्या लाकडी काडीने साफ करू नयेत, कारण काडीचे टोक आत मोडून अडकते. ॲल्युमिनियमचा बर्नर असेल तर भांडी धुण्याच्या यंत्रात टाकू नये. तिथल्या क्षारयुक्त पावडरीने तो काळा पडतो आणि झिजतो.

पिवळी ज्योत ही केवळ दिसण्याची बाब नाही. ती अपुऱ्या ज्वलनाची खूण आहे आणि अपुऱ्या ज्वलनातून वास नसलेला, विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. निळ्या ज्योतीत अधूनमधून चमकणाऱ्या नारिंगी ठिणग्या मात्र बहुधा हवेतल्या धुळीच्या असतात; त्यांच्यासाठी रेंज उघडण्याचे कारण नाही.

एका गॅसची रेंज दुसऱ्या गॅसवर

सर्वांत धोकादायक घरगुती चूक कोणती असे विचारले, तर मी रेंज एका गॅसवरून दुसऱ्यावर नेताना फक्त नळी बदलणे, हीच सांगेन. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमधून साधारण ३८ मेगाज्यूल उष्णता मिळते. एलपीजीतल्या प्रोपेनच्या तेवढ्याच आकारमानातून नव्वदहून अधिक. म्हणून एलपीजीची जेट नैसर्गिक वायूच्या जेटपेक्षा लहान छिद्राची असतात आणि गॅसचा दाबही निराळा असतो. नैसर्गिक वायूची जेट तशीच ठेवून एलपीजी जोडला, तर ज्योती फूटभर उडू शकतात. उलट केले तर ज्योत इतकी मिणमिणती होते की ती वाऱ्याच्या झुळकेने विझते. निर्मात्याच्या रूपांतर संचात सर्व बर्नरची जेट असतातच. त्याशिवाय रेंजचा दाबनियंत्रक उलटवणे किंवा बदलणे आणि मंद ज्योतीचा स्क्रू नव्याने लावणे याही पायऱ्या असतात. ओव्हनचे जेट वाकून काढावे लागते म्हणून तेवढेच राहून गेले, असे प्रकार दुरुस्तीवाल्यांना वारंवार दिसतात. काढलेली जेट पाकिटात घालून, त्यावर नाव लिहून, रेंजच्या पाठीमागे चिकटवून ठेवावीत. पुढच्या माणसाचा खटाटोप वाचतो.

नॉब सोडताच विझणारी ज्योत

काही रेंजमध्ये ज्योत पेटल्यावर नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो. ज्योतीत असलेले थर्मोकपलचे टोक तापून थोडेसे, केवळ मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतके विद्युतदाब तयार करते आणि तेवढ्यावर व्हॉल्व्हमधला छोटा चुंबक गॅसची वाट उघडी धरतो. नॉब सोडताच ज्योत विझते, याचा अर्थ चुंबकापर्यंत पुरेशी वीज पोचत नाही. थर्मोकपलवर काजळी साचली आहे का, त्याचे टोक ज्योतीतच आहे का की सफाई करताना बाजूला सरकले आहे, आणि व्हॉल्व्हकडची जोडणी सैल झाली आहे का, हे आधी पाहावे. नवे थर्मोकपल बसवताना बारीक नट पान्याने आवळून आवळून पिळू नये. हाताने घट्ट झाल्यावर पाव फेरा पुरे होतो. विझणारी ज्योत टिकावी म्हणून नॉब काडी खुपसून दाबून ठेवणे, किंवा ही सुरक्षायोजनाच बाद करणे, हा जुगाड कधीही करू नये. वाऱ्याने ज्योत गेली, तर गॅस घरभर पसरण्यापासून रोखणारी तेवढी एकच गोष्ट तिथे असते.

नॉब हा तसा क्षुल्लक भाग आणि कोणालाही बदलता येण्यासारखा. तरी त्यातही एक खोच आहे. व्हॉल्व्हची दांडी इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची असते आणि तिची सपाट बाजू कोणत्या रेंजमध्ये वर असते, कोणत्यात खाली. ‘सर्व रेंजना चालणारा’ म्हणून विकला जाणारा नॉब आत सहज बसतो. पण त्याची खूण बंद दाखवते तेव्हा व्हॉल्व्ह अर्धा उघडा असू शकतो. नवा नॉब लावल्यावर दांडी हातानेच बंदच्या टोकापर्यंत नेऊन खूण जुळते का ते पाहावे.

जोड, टेप आणि साबणाचे पाणी

गॅसच्या वाटेला हात न लावणारे काम आणि लावणारे काम, असा भेद मी आता स्वतःपुरता केला आहे. नॉब, झाकण्या, जाळ्या, दाराची रबरपट्टी, ओव्हनचा दिवा, इलेक्ट्रोड आणि इग्नायटर इतपत मी घरी करतो. व्हॉल्व्ह आणि दाबनियंत्रक यांना हात लावत नाही. काही देशांत गॅसजोडणीचे काम परवानाधारक व्यक्तीनेच करावे असा कायदाही आहे. घट्ट झालेल्या कॉकमध्ये, म्हणजे नॉबने फिरणाऱ्या गॅसच्या व्हॉल्व्हमध्ये, गंज सोडवणारा फवारा मारणे तर पूर्णपणे टाळावे. तो फवारा कॉकमधले खास ग्रीस धुऊन काढतो. दोन दिवस कॉक लोण्यासारखा फिरतो आणि मग दांडीपाशी गळू लागतो.

नळी जोडायचीच असेल, तर जुनी धातूची लवचीक नळी पुन्हा वापरू नये. वारंवार वाकल्याने तिच्या वळ्यांमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. टेफ्लॉन टेप निमुळत्या आट्यांसाठी असते, आणि तीही गॅससाठी बनवलेली. फ्लेअर जोडात, म्हणजे पसरट तोंड नटाने दाबून बसवलेल्या जोडात, धातू धातूवर बसून गळती थांबते, तेथे टेप गुंडाळली तर जोड उलट नीट बसत नाही. जोडणी झाल्यावर साबणाचा दाट फेस ब्रशने लावून, गॅस सुरू करून निदान मिनिटभर निरखावे. बुडबुडा मोठा होत गेला तर जोड गळतो. काडी पेटवून गळती शोधणारी माणसे अजूनही आहेत, याचे मला दर वेळी नवल वाटते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत आणि रेंजच्या खणात साचतो. नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. वास आला तर विजेचे बटण चालू किंवा बंद न करता, खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि फोन बाहेरूनच करावा.

भाग मागवताना रेंजचे छायाचित्र पाठवून ‘असाच द्या’ म्हणणे ही वेळ वाया घालवण्याची खात्रीची रीत आहे. मॉडेल क्रमांकाची पट्टी खालच्या खणामागे, ओव्हनच्या दाराच्या चौकटीवर किंवा वरच्या पत्र्याखाली असते. तो क्रमांक शेवटच्या अक्षरासह लिहून घ्यावा, कारण त्या एका अक्षराने जेट आणि व्हॉल्व्ह बदलतात.

काम संपवून रेंज मागे ढकलताना नळी पाठीमागे दबून पिचत नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. रेंज उलटू नये म्हणून जमिनीला किंवा भिंतीला ठोकलेली कडी असेल, तर मागचा पाय त्या कडीत पुन्हा गेलाच पाहिजे. ओव्हनचे दार उघडे असताना त्यावर लहान मूल चढले किंवा जड भांडे ठेवले, तर सुटी रेंज पुढे कलंडते आणि वरचे उकळते भांडे त्याच दिशेने येते. रेंजची मागची बाजू दोन्ही हातांनी धरून हलकेच पुढे ओढावी. पाय कडीत अडकला असेल तर ती जागची उचलत नाही.