रेट-लिस्टची प्रिंट नीट केली

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका चादरीच्या दुकानासाठी मी रेट-लिस्टचं वेब पान बनवलं होतं. गड्ड्याच्या जत्रेआधी मालकांचा फोन आला, "अहो, प्रिंट काढली की चार कागद निघतात. पहिल्यावर नुसता मेनू, आणि भावाचा रकाना उजवीकडे कापलेला!" बाहेरगावचे व्यापारी तो कागद घडी घालून खिशात ठेवतात, माल बघताना पेनानं खुणा करतात. त्यांना त्यावर भावच हवेत, आणि ते रास्तच आहे.

छपाईसाठी वेगळं पान केलं नाही. दोन ठेवली की एकावर जुने भाव राहतातच. सीएसएसमध्ये, म्हणजे वेब पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, छपाईचे वेगळे नियम देण्याची सोय १९९८ पासून आहे, तीच वापरली. मेनू, बॅनर, व्हॉट्सॲपचं बटण छपाईपुरतं लपवलं. तक्त्याची रुंदी पिक्सेलमध्ये बांधली होती, ती मोकळी केली. ए-फोर कागद २१० मिलिमीटरच रुंद. सगळ्यात जास्त वेळ मथळ्यांनी खाल्ला. गडद पट्टीवर पांढरी अक्षरं होती, आणि ब्राउझर मागचा रंग सहसा छापत नाही, म्हणून ती दिसेनात. काळी केली.

आता दोनच कागद निघतात. मालकांनी वर तारीख मोठ्या अक्षरात मागितली, तीही घातली.