क्लबनं गट करून हाफ मॅरेथॉन कशी धावावी

एकाच क्लबची माणसं महिनोन्‌महिने पहाटे एकत्र धावतात आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्याच किलोमीटरला पांगतात, हे मला फार खटकतं. सुरुवातीच्या गर्दीत एकटा माणूस जोशात हमखास सुसाट सुटतो. त्याला आवरायला शेजारी ओळखीची पावलं लागतात.

१. गट पाडा
गट इच्छेवर नको, गेल्या दीड-दोन महिन्यांतल्या १० किलोमीटरच्या टायमिंगवर पाडा. अमेरिकी इंजिनिअर आणि धावपटू पीटर रीगल यांच्या सूत्राप्रमाणे ते टायमिंग साधारण २.२ नं गुणलं की हाफचा, म्हणजे २१.१ किलोमीटरचा, अंदाज येतो. ६० मिनिटांत १० किलोमीटर धावणाऱ्याला सुमारे २ तास १२ मिनिटं लागतील. तेही सरावातले लाँग रन (लांब पल्ल्याच्या धावा) १६-१८ किलोमीटरपर्यंत गेले असतील तर. अशाला मी २:१५च्या गटात घेईन. कुंपणावर असलेल्यानं संथ गट धरावा.

२. पेसर निवडा
पेसर म्हणजे गटाचा वेग धरून ठेवणारा. त्यासाठी क्लबमधला सगळ्यात वेगवान माणूस नको. ज्याला गटाचा पेस, म्हणजे दर किलोमीटरला लागणारा वेळ, बोलत-बोलत जमतो आणि जो मागे वळून माणसं मोजतो, तो हवा.

३. तक्ता पाठ करा
२:१५साठी पेस ६:२४ (किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद). म्हणजे ५ किलोमीटरला ३२ मिनिटं, १०ला ६४, १५ला १:३६, २०ला २:०८.

इथे घड्याळ फसवतं, आणि त्यात चांगले-चांगले गट हुकलेले मी पाहिलेत. मार्ग मोजताना वळणावरची सर्वांत जवळची रेष धरतात. आपण गर्दीतून, बाहेरच्या कडेनं धावतो, त्यामुळे जीपीएसवर २१.१ऐवजी २१.३ किलोमीटर दिसणं अगदी नेहमीचं. घड्याळाच्या पेसवर विसंबलात, तर या २०० मीटरचं सव्वा मिनिट शेवटी अंगावर येतं. म्हणून पेसरनं ऑटो-लॅप (घड्याळानं आपोआप किलोमीटर मोजणं) बंद करावा आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या फलकापाशी स्वतः बटण दाबावं. बाकीच्यांनी आपल्या घड्याळाकडे बघूच नये.

४. सुरुवात
सुरुवातीच्या रेषेवरची चिपची मॅट (हिच्यावरून गेलं की तुमची वेळ सुरू होते) सगळ्यांनी बरोबर ओलांडा. पहिले दोन किलोमीटर पेसपेक्षा दहा-दहा सेकंद संथ. लोक पुढे जातील, जाऊ द्या. हे वीस सेकंद पुढच्या दहा किलोमीटरमध्ये किलोमीटरला दोन सेकंदांनी भरून निघतात.

५. वारा आणि पाणी
समोरून वारा असेल तर दोघांनी पुढे राहावं, दर किलोमीटरला पाळी बदलावी; मागच्यांचे कष्ट खरंच कमी होतात. पाण्याच्या पहिल्या टेबलावर झुंबड असते, शेवटच्या टेबलावर घ्या. तहान लागेल तसं प्या. बळेच ढोसलेलं पाणीही रक्तातलं सोडियम उतरवून घातक ठरू शकतं.

६. सोळाव्या किलोमीटरनंतर
इथे गट मोकळा सोडा. ज्याच्या पायात दम आहे त्यानं निघावं, पेसरनं मात्र ६:२४च ठेवावा. कुणी अडखळतंय, असंबद्ध बोलतंय, छातीत दुखतंय म्हणतंय, तर एकानं थांबून त्याला वैद्यकीय स्वयंसेवकापाशी न्यावं, टायमिंग गेलं तरी चालेल.

आधी पोचलेल्यांनी घोटभर पाणी पिऊन, कपडे बदलून, अंतिम रेषेच्या अलीकडच्या वळणावर मार्गाबाहेर उभं राहावं आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारावी. क्लबचा शेवटचा बिब (छातीवरचा क्रमांक) रेषा ओलांडेपर्यंत तिथून हलू नये.